गावात सगळे ओळखतात, मग दारू सोडायला सपोर्ट ग्रुपला जायचं कसं? मालवण-सिंधुदुर्गातून मदत शोधायची पूर्ण माहिती

मालवणसारख्या गावात एक गंमत असते. बाजारात तुम्ही सुरमई घेतलीत की बांगडा, ही बातमी तुमच्या आधी तुमच्या घरी पोचलेली असते. कोणाचा झील, कुठल्या वाडीतला, मुंबईला कोण असतं, सगळ्यांना सगळं ठाऊक.

अशा गावात एखादा माणूस रोज पितो हेही सगळ्यांना ठाऊक असतं. बायकोला, ट्रॉलरच्या मालकाला, वाईन शॉपवाल्याला, शेजारच्या म्हातारीला. पण त्याच माणसाने दारू सोडायचं मनावर घेतलं आणि कुणी त्याला सांगितलं की "अरे, असा असा ग्रुप असतो, तिथे जाऊन बस," की त्याचा पहिला प्रश्न असतो, "गावात कळला तर? लोक काय म्हणतले?"

पिताना जी लाज वाटली नाही ती सोडताना वाटते. ऐकायला विचित्र वाटेल, पण मदत न घेण्याचं हे एक खूप मोठं कारण आहे. मदत घेणारे किती कमी आहेत ते आधी बघू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर सर्व्हे केला होता, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठल्यातरी प्रकारची मदत मिळते. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक.

म्हणजे उरलेले ३७ जण काय करतात? काही जण देवाला गाऱ्हाणं घालतात, काही जण माळ घालतात, काही जण दर सोमवारी सोडतात आणि शुक्रवारी धरतात. बरेच जण काहीच करत नाहीत.

आज आपण या ३७ जणांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी, एका साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. सपोर्ट ग्रुप म्हणजे काय, सिंधुदुर्गात राहून तो शोधायचा कसा, तिथे गेल्यावर नेमकं काय होतं, आणि जायच्या आधी कुठली चूक जिवावर बेतू शकते.

आधी हे कळायला हवं की त्रास आहे की नाही

"मी पितो, पण दारुडो नाय" हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक घराने ऐकलंय. मग ठरवायचं कसं? डॉक्टर लोक चार साधे प्रश्न विचारतात.

दारू कमी करायला हवी असं तुम्हाला कधी वाटलंय का? तुमच्या पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का? प्यायल्याबद्दल नंतर अपराधी वाटतं का? आणि सकाळी उठल्या उठल्या, हात थरथरतायत किंवा डोकं जड आहे म्हणून घोट घ्यावा लागलाय का?

यातल्या दोन किंवा जास्त प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, तर विषय गंभीर आहे. डॉक्टरांशी बोलायची वेळ आली आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

थांबा, आजपासून एकदम बंद करू नका

हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसेल. दारू सोडायच्या लेखात "बंद करू नका" असं कसं?

तर झालंय असं की वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या हिशोबाने चालायला लागलेला असतो. दारू मेंदूला सतत शांत करत असते, म्हणून मेंदू स्वतःला सतत चेतवत राहतो. दारू अचानक थांबली की चेतवणं तसंच चालू राहतं आणि शांत करणारं कुणी उरत नाही. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरणं, घाम, धडधड, झोप न येणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काही जणांना भास व्हायला लागतात, नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

आता मालवणच्या हिशोबाने विचार करा. रोज पिणारा खलाशी ठरवतो, आजपासून बंद, आणि बाटली न घेता चार दिवसांच्या फेरीला समुद्रात जातो. नेमक्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, किनाऱ्यापासून लांब, त्याला फिट येते. होडीवर ना डॉक्टर, ना औषध. इरादा चांगला होता, जागा चुकली.

म्हणून रोज पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी हात थरथरत असतील किंवा आधी कधी फिट आली असेल तर, आधी डॉक्टर गाठायचा. तो काही दिवसांची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हा टप्पा सुरक्षित पार करून देतो. गरज असेल तर दाखल करून घेतो. आणि हा त्रास आधीच सुरू झाला असेल, फिट आली किंवा भास होत असतील, तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

सपोर्ट ग्रुप याच्यानंतरचं किंवा याच्यासोबतचं काम करतो. शरीरातली दारू उतरवायचं काम डॉक्टरचं, ती परत चढू न देण्याची साथ ग्रुपची.

हा ग्रुप प्रकार आला कुठून?

साल १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. बिल विल्सन नावाचा एक शेअर बाजारातला माणूस कामासाठी तिथे आला होता. त्याने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. काम फिसकटलं, खिसा रिकामा, परक्या शहरात एकटा, आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येतायत.

त्याला जाणवलं की आपण आता पिणार. आणि हेही जाणवलं की या क्षणी आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायला हवं, म्हणजे आपण वाचू. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली आणि त्यातून त्याची गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी. हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि दारूने पुरते पोखरलेले होते. पंधरा मिनिटांत उठून जायचं ठरवून आलेले डॉक्टर बॉब बिलसोबत काही तास बसले. कारण समोरचा माणूस त्यांना उपदेश करत नव्हता, स्वतःची गोष्ट सांगत होता.

१० जून १९३५ हा डॉक्टर बॉब यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस मानतात आणि तोच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे 'एए'चा स्थापना दिवस. आज जवळपास १८० देशांत एएचे लाखाहून जास्त ग्रुप आहेत. भारतात १९५७ मध्ये हे काम सुरू झालं.

या सगळ्याचा गाभा अजूनही तोच आहे. ज्याने भोगलंय तो दुसऱ्या भोगणाऱ्याशी बोलतो, आणि त्यातून दोघंही वाचतात.

महाराष्ट्रात हाच धागा पुण्याच्या 'मुक्तांगण'ने वेगळ्या पद्धतीने पकडला. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने, २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्यात हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे दाखल करून उपचार होतात, पण त्याचबरोबर आधी स्वतः पेशंट असलेली माणसंच पुढे तिथे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. "मी पण याच खाटेवर होतो" असं सांगणारा माणूस समोर असला की नव्याने आलेल्याला धीर येतो.

पण याने खरंच सुटते का?

प्रश्न रास्त आहे. नुसतं गोल करून बसल्याने आणि बोलल्याने दारू कशी सुटेल?

२०२० मध्ये 'कॉक्रेन' या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली. एएला जोडून देणाऱ्या पद्धतशीर कार्यक्रमातल्या लोकांपैकी एका वर्षानंतर सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते. इतर मानसोपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. म्हणजे फुकटात मिळणारी गोष्ट महागड्या उपचारांच्या तोडीची, थोडी पुढेच निघाली.

पण याच आकड्याची दुसरी बाजूही बघा. ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून कमी. ग्रुप ही जादूची कांडी नाही. बऱ्याच जणांना ग्रुप, डॉक्टर, औषधं आणि घरचा आधार असं सगळं मिळून लागतं.

आणि जे अजून पूर्ण अडकलेले नाहीत त्यांच्यासाठी एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. त्रासदायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर तो झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी जास्तीत जास्त चार वेळा बसून त्यांच्याशी बोलायचं, एवढंच. तीन महिन्यांनी, असं समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीबाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. नीट ऐकून घेणाऱ्या माणसासोबत बसण्यात ताकद आहे, हे इथेही दिसलं.

सिंधुदुर्गातून ग्रुप शोधायचा कसा?

बैठकांच्या जागा आणि वेळा बदलत असतात. त्यामुळे कुठेतरी जुन्या पोस्टमध्ये दिसलेल्या पत्त्यावर थेट जाऊ नका. शोधायचे रस्ते असे आहेत.

पहिला, फोन. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची टोल फ्री हेल्पलाईन आहे. १४४१६ ही 'टेलि मानस' हेल्पलाईन मानसिक आरोग्यासाठी २४ तास चालते, मराठीत बोलता येतं. दोन्हीकडे तुम्ही तुमचा जिल्हा सांगून जवळची सोय विचारू शकता. किनाऱ्यावर बसून, इयरफोन लावून हा फोन करता येतो. घरात कुणाला कळायची गरज नाही.

दुसरा, एएची भारतातली अधिकृत वेबसाईट. तिथे शहर आणि जिल्ह्यानुसार बैठका आणि संपर्काचे नंबर असतात. फोन उचलणारा माणूस पगारी कर्मचारी नसतो, दारू सोडलेला एखादा सदस्य असतो. त्याला विचारायचं, "माझ्या सगळ्यात जवळची बैठक कुठे, कुठल्या दिवशी, किती वाजता? मराठीत चालते का? नवीन माणसाने आलं तर चालतं का?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कायम 'हो' असतं.

तिसरा, सरकारी दवाखाना. मालवणचं ग्रामीण रुग्णालय, कणकवली आणि सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालयं, ओरोसचं जिल्हा रुग्णालय, यातलं जे सोयीचं पडेल ते. "मला दारू सोडायची आहे, मानसोपचार तज्ज्ञांना भेटायचंय" एवढं वाक्य केस पेपर काढताना किंवा डॉक्टरसमोर म्हणायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या लोकांना आसपासचे ग्रुप आणि केंद्रं विचारता येतात.

चौथा, गोवा. सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या आजारासाठी बांबोळीला जातातच. तिथे गोमेकॉच्या सोबत मनोविकारांसाठीची वेगळी सरकारी संस्थाही आहे. गोव्यात एएच्या बैठका चालतात. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या माणसाला पेडणे-म्हापसा बऱ्याचदा मालवणपेक्षा सोयीचं पडतं. स्वस्त दारूसाठी बांद्याची वेस ओलांडणारे कमी नाहीत. तीच वेस या कामासाठीही ओलांडता येते.

पाचवा, ऑनलाईन बैठक. कोविडनंतर हा प्रकार चांगलाच रुळला. मोबाईलवर झूमने जोडायचं, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, नावाच्या जागी काहीही लिहिता येतं. संध्याकाळची शेवटची एसटी चुकायची भीती नाही. आचऱ्याहून किंवा देवबागहून कुडाळला जाऊन परत यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, अशा माणसासाठी सुरुवात इथूनच सोपी.

आणि सहावा रस्ता खास कोकणी आहे, तो म्हणजे चाकरमानी. आपल्याकडे प्रत्येक घरातला कोणी ना कोणी मुंबईला असतो. मुंबईत एएच्या भरपूर बैठका होतात, एएचं भारतातलं मुख्य कार्यालयही तिथेच आहे. कामानिमित्त किंवा पाहुणा म्हणून आठ दिवस मुंबईला गेलात, तर पहिली बैठक तिथे करता येते. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. एकदा आत काय असतं ते कळलं की गावाजवळच्या बैठकीचं दार उघडायला तेवढं जड जात नाही.

पहिल्या बैठकीत नेमकं काय होतं?

बहुतेकांच्या डोक्यात सिनेमातलं चित्र असतं. प्रत्यक्षात बरंच साधं असतं. एखाद्या शाळेचा वर्ग, चर्चची खोली, संस्थेचा हॉल. दहा-पंधरा खुर्च्या, चहा. वेळ साधारण तास-दीड तास.

बैठका दोन प्रकारच्या असतात. 'खुली' बैठक कुणालाही बघता येते, घरच्यांनाही. 'बंद' बैठक फक्त ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. जाण्याआधी फोनवर हे विचारून घ्या.

सुरुवातीला छोटी प्रार्थना किंवा शांतता, मग एएच्या पुस्तकातला एखादा भाग वाचला जातो. त्यानंतर एकेक जण बोलतो. आपलं पहिलं नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असं म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. कधी पहिला घोट घेतला, काय काय गमावलं, कसं थांबलो, आज काय चाललंय. त्याच्या बोलण्यावर कुणी सल्ला देत नाही, मध्ये तोंड घालत नाही, चूक-बरोबर ठरवत नाही. तो थांबला की पुढचा.

तुमची पाळी आली आणि बोलावंसं वाटलं नाही, तर "मी आज फक्त ऐकणार" म्हणा. कुणी आग्रह करणार नाही. "मी मद्यपी आहे" असं पहिल्याच दिवशी म्हणायची सक्ती नसते. आडनाव, गाव, धंदा, काहीही सांगायची गरज नाही. हजेरीचं रजिस्टर नसतं.

फी नाही. शेवटी एक टोपी किंवा डबा फिरतो, त्यात सदस्य स्वखुशीने दहा-वीस रुपये टाकतात, चहा आणि जागेच्या भाड्यासाठी. नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. बाहेरच्या देणग्या एए घेतच नाही.

दारूमुक्त राहून महिना, वर्ष झालेल्यांचं कौतुक होतं. वर्ष पूर्ण झालं की त्याला 'वाढदिवस' म्हणतात. पन्नाशीचा माणूस आपला दुसरा वाढदिवस साजरा करताना दिसला तर गोंधळू नका.

पुढे जमलं तर एखादा जुना सदस्य तुमचा 'स्पॉन्सर' होतो. म्हणजे रात्री अकरा वाजता तलफ आली की ज्याला फोन करायचा तो माणूस. ॲक्रनच्या हॉटेलात बिल विल्सन जो नंबर शोधत होता, तो नंबर आता तुमच्या मोबाईलमध्ये सेव्ह असतो.

एक सूचना. पहिली बैठक आवडली नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. पाच-सहा वेळा जा, शक्य असेल तर दुसरा ग्रुपही बघा, मग ठरवा.

"गावात कळला तर?"

आता मूळ प्रश्नावर येऊ.

ॲनॉनिमस म्हणजे निनावी. बैठकीत कोण आलं आणि काय बोललं, हे बाहेर न्यायचं नाही, हा एएचा पाया आहे. मोठ्या शहरात हे सोपं. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेआठ लाखांच्या आत. इथे खोलीत शिरल्यावर समोर तुमच्याच शाळेतले गुरुजी किंवा शेजारच्या वाडीतला तांडेल बसलेला दिसू शकतो.

पण मग जरा विचार करा, ते तिथे कशाला आलेत? ज्या कारणाने तुम्ही, त्याच कारणाने ते. तुमचं गुपित त्यांच्याकडे, त्यांचं तुमच्याकडे.

तरीही धाकधूक असेल तर उपाय आहेत. आपल्या तालुक्याबाहेरची बैठक निवडा. मालवणच्या माणसाने कुडाळ-सावंतवाडीकडची, सावंतवाडीच्या माणसाने गोव्यातली. किंवा पहिले दोन महिने फक्त ऑनलाईन.

डॉक्टरकडे जाण्याबद्दल म्हणाल तर तिथे कायदाच तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक त्रासाचा समावेश आहे आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे.

आणि शेवटचं, कडू वाटेल पण खरं. गावाला आधीच कळलंय. तुम्ही पिता हे कळलंय. आता फक्त तुम्ही सोडताय हे कळायचं बाकी आहे.

देव मानत नाही, मग?

एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा, आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो. ती शक्ती कोणती, हे ज्याने त्याने ठरवायचं. कुणासाठी ती रामेश्वर असेल, कुणासाठी मदर मेरी, कुणासाठी दर्या, आणि कुणासाठी ग्रुपमध्ये बसलेली माणसंच. ज्यांना हा भाग अजिबात पटत नाही त्यांच्यासाठी १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'स्मार्ट रिकव्हरी' ही पूर्णपणे धर्मनिरपेक्ष पद्धत आहे, तिच्याही ऑनलाईन बैठका होतात.

देवाला गाऱ्हाणं घातलंय, माळ घातलीय, तर तेही राहू द्या. ग्रुप त्याच्या आड येत नाही. फक्त गाऱ्हाण्यानंतर घरी एकटं बसण्याऐवजी चार माणसांत बसा, एवढाच फरक.

बायका पीत नाहीत?

त्याच एम्सच्या सर्व्हेत पुरुषांमध्ये पिण्याचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांमध्ये १.६ टक्के आलं. आकडा लहान आहे, पण या बायकांची अडचण दुप्पट मोठी, कारण त्यांना नावं ठेवणारे दुप्पट. पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाणं अवघड वाटत असेल तर फक्त महिलांच्या ऑनलाईन बैठका विचारा. दाखल व्हायची वेळ आलीच तर मुक्तांगणमध्ये महिलांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे.

घरच्यांनी काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

फेसबुक-इन्स्टावर जाहिराती दिसतात. "जेवणात मिसळा, त्याला न कळता दारू सोडवा." हे करू नका. अशा पावडरींमध्ये काय असतं ते बऱ्याचदा पाकिटावरही धड लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण त्यावर असताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब कोसळणं, छातीत दुखणं, उलट्या असं होतं आणि हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि पेशंटला पूर्ण सांगूनच द्यायचं असतं.

मग करायचं काय? तो शुद्धीत असताना बोला, प्यायलेला असताना नाही. मारून-बांधून बैठकीला नेऊ नका, सोबत येतो म्हणा. त्याच्या मालकाला खोटी कारणं सांगणं, उधारी गुपचूप भागवणं थांबवा, कारण त्याने पिणं सोपं होतं. आणि मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता बघा, ११२ ला फोन करा.

तो यायला तयार नसेल तरी तुम्ही स्वतः मदत घेऊ शकता. दारुड्यांच्या घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' हे वेगळे ग्रुप १९५१ पासून आहेत, ते बिल विल्सनच्या बायकोने, लोईसने, सुरू केले. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. नवरा सुधारेल तेव्हा सुधारेल, पण रात्री त्याची वाट बघत जागणाऱ्या बाईला आधी झोप मिळायला हवी.

कधी सुरुवात करायची? कोकणाचं कॅलेंडर बघा

१ जूनपासून मासेमारी बंद होते. पर्यटनाच्या होड्याही ओढून ठेवतात. हात रिकामे, बाहेर पाऊस, खिशात सीझनचे उरलेले पैसे. प्यायला लावणारा काळ म्हणून हा धोक्याचा. पण दाखल होऊन उपचार घ्यायचे असतील तर हाच सगळ्यात सोयीचा. मुक्तांगणचा कार्यक्रम साधारण ३५ दिवसांचा असतो. मजुरी न बुडवता एवढे दिवस मिळायचे ते याच काळात. नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात जाईल तेव्हा माणूस नव्याने चढेल. मात्र चौकशी मे महिन्यातच करून ठेवा.

आणि चतुर्थी, शिमगा, जत्रा, लग्नसराई, मुंबईचे मित्र घेऊन आलेल्या बाटल्या, हे सगळं येणारच. त्या आठवड्यात एक जास्तीची बैठक करा, स्पॉन्सरला आधीच सांगून ठेवा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळांना तलफ हमखास येते, असं जुने सदस्य सांगतात. एकदा तपासून बघा, बऱ्याचदा जेवल्यावर निम्मी तलफ जाते.

घसरलात तर? बरेच जण घसरतात. एक मात्र लक्षात ठेवा, मध्ये काही महिने बंद असलेलं शरीर आधीएवढी दारू सहन करू शकत नाही, त्यामुळे जुन्या मापाने पिणं जास्त धोक्याचं. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर जाऊन बसा. तिथे कुणी दार लावत नाही, कारण आत बसलेल्यांपैकी बरेच जण कधी ना कधी असेच परत आलेले असतात.

एएमध्ये कुणी "आयुष्यभर पिणार नाही" अशी शपथ घ्यायला सांगत नाही. फक्त आजचे चोवीस तास. उद्याचं उद्या.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, आणि असणारच, तर हा लेख त्याला टॅग करून पाठवू नका. वैयक्तिक मेसेज करा, आणि सोबत १४४४६ हा नंबर टाका. वाचून त्याने काहीच उत्तर दिलं नाही तरी नंबर त्याच्या मोबाईलमध्ये राहील.